तीच गाडी, तेच मॉडेल, पण चार्जिंग हळू: पॅक वेगळा आहे की बिघडलाय, हे कसं ओळखायचं

तक्रार साधारण अशी असते. दोन इलेक्ट्रिक गाड्या, एकच मॉडेल, एकच व्हेरिएंट, दोघींच्या उत्पादनात पाच-सहा महिन्यांचं अंतर. एकाच फास्ट चार्जरवर ५० टक्क्यांना एक गाडी ९० किलोवॅट घेते आणि दुसरी ६५ वर अडते. किंवा पूर्ण चार्ज केल्यावर एकीची रेंज वीस-पंचवीस किलोमीटर कमी दिसते. किंवा बॅटरी ३० टक्क्यांखाली गेली की एकीचा पिकअप बसतो, दुसरीला काही फरक पडत नाही. सर्व्हिस सेंटरला नेली की लॅपटॉप जोडतात, एरर कोड नाही म्हणतात, कागदावर 'नॉर्मल' लिहितात आणि गाडी हातात देतात. महिन्याभरात तीच गाडी तीच तक्रार घेऊन पुन्हा तिथे उभी.

हे चक्र थांबत नाही, कारण एकाच लक्षणामागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. एक तर तुमच्या गाडीतला बॅटरी पॅकच वेगळ्या आवृत्तीचा आहे: सेल दुसऱ्या कंपनीचे, किंवा सेल तेच पण फ्यूज, बसबार (करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या), कूलिंग वेगळं. नाहीतर पॅक तोच आहे, पण त्यात काहीतरी बिघडलंय. पहिल्या प्रकारात मेकॅनिक काहीच करू शकत नाही, गाडी बनली तशीच आहे. दुसऱ्या प्रकारात वॉरंटीत काम व्हायलाच हवं. 'नॉर्मल' हे उत्तर पहिल्यासाठी खरं आणि दुसऱ्यासाठी साफ चुकीचं, आणि काउंटरवरचा माणूस दोघांनाही तेच देतो. त्यामुळे हा फरक सिद्ध करायचं काम शेवटी मालकावर येतं. खाली ते कसं करायचं ते सांगतो. लागणारी साधनं म्हणजे एक ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून आतले आकडे मोबाइलला पाठवणारं छोटं यंत्र), मोबाइलवर तुमच्या मॉडेलला चालणारं अ‍ॅप आणि थोडा संयम.

पॅक बदलतो, माहितीपत्रक बदलत नाही

'कंपनी न सांगता बॅटरी बदलेल का?' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आधी थोडा इतिहास. टेस्लाच्या मॉडेल एसच्या सुरुवातीच्या गाड्या घ्या. २०१३ मध्ये टेस्लाने सुपरचार्जरचा, म्हणजे आपल्या फास्ट चार्जरचा वेग १२० किलोवॅटपर्यंत नेला, पण अगदी आधीच्या गाड्या ९० च्या वर जाईनात. मालकांनी पुढचं चाक वळवून त्यामागे डोकावत पॅकवरच्या लेबलांचे फोटो काढले आणि ताडून पाहिले. पार्ट नंबरच्या शेवटी 'ए' असलेले पॅक ९० वर अडकत होते, 'बी' आणि त्यापुढचे १२० घेत होते. गाडीच्या मागे मात्र दोघींवर ८५ हाच आकडा.

फरक सेलमध्येच असतो असंही नाही. २०१५ मध्ये टेस्लाने गाडी आणखी जोरात पळवणारा 'ल्युडिक्रस' मोड आणला तेव्हा पॅकमधून ओढता येणारा करंट १,३०० वरून १,५०० अँपिअरवर नेला. त्यासाठी बदलला फ्यूज, आणि कॉन्टॅक्टरला (पॅक जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचला) इन्कोनेल हा उष्णता सोसणारा मिश्रधातू वापरला. म्हणजे अडथळा बोटभर जाडीच्या तुकड्यात होता. पॅकची ताकद त्यातला सर्वांत नाजूक भाग ठरवतो, आणि तो भाग कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

२०२१ च्या सुमारास युरोपात मॉडेल ३ च्या लाँग रेंज गाड्या पॅनासॉनिकच्या सेलसह येत आणि एलजीच्या सेलसहही, दोन्ही पॅकची क्षमता वेगवेगळी. ग्राहकाला कुठला पॅक मिळाला हे कळायचं ते गाडीच्या कागदपत्रावरच्या ई३डी किंवा ई५डी अशा कोडवरून. पुढे मॉडेल वायच्या साध्या आवृत्तीत शांघायच्या कारखान्यातून सीएटीएल या चिनी कंपनीचा पॅक आणि बर्लिनच्या कारखान्यातून बीवायडी या दुसऱ्या चिनी कंपनीचा ब्लेड पॅक असा प्रकार झाला. बीवायडीचा पॅक लहान, पण चार्जिंगचा वेग जास्त वेळ टिकवून धरणारा.

टेस्लाची उदाहरणं जास्त येतायत ती एवढ्यासाठी की त्या गाड्यांचे मालक लेबलं वाचण्यात पटाईत आहेत. सेलचे दोन-तीन पुरवठादार ठेवणं हा आता साऱ्याच मोटार उद्योगाचा रिवाज आहे. एका पुरवठादाराने माल अडवला तर कारखाना बंद पडू नये, हा साधा हिशोब. कंपनी जाहीर करते ती प्रमाणित रेंज आणि शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला लागणारा वेळ. नवा पॅक त्या दोन आकड्यांत बसला की झालं. ५० टक्क्यांना किती किलोवॅट, २५ टक्क्यांना किती ताकद, हे तिने तुम्हाला कधी कबूलच केलेलं नसतं. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात 'पूर्वसूचनेशिवाय बदल' असतं ते याच कामासाठी.

आधी चार्जरला वगळा

निम्म्याहून जास्त भांडणं इथेच मिटतात असा माझा अंदाज आहे. चार्जरवर लिहिलेला किलोवॅटचा आकडा हा त्याचं कमाल व्होल्टेज गुणिले कमाल करंट असा असतो. '१०० किलोवॅट' लिहिलेला चार्जर कित्येकदा ५०० व्होल्ट आणि २०० अँपिअरचा असतो. तुमच्या पॅकचं व्होल्टेज ३५० असेल तर करंट २०० वरच थांबणार आणि पदरात पडणार ७० किलोवॅट. '५० किलोवॅट'च्या चार्जरवर १२५ अँपिअर मिळत असतील तर साधारण ४४. गाडी ठणठणीत आहे.

दोन गाड्यांची तुलना करताना तर यात आणखी एक मेख आहे. मॉडेल एसच्या ८५ च्या पॅकमध्ये १६ मॉड्यूल (सेलचे मोठे संच) होती, ७० च्या पॅकमध्ये १४. प्रत्येक मॉड्यूलमध्ये सेलचे ६ गट सिरीजमध्ये, म्हणजे एकूण ९६ विरुद्ध ८४ गट. सेलला सरासरी ३.७ व्होल्ट धरले तर एक पॅक ३५५ व्होल्टचा आणि दुसरा ३११ चा. २०० अँपिअरच्या चार्जरवर पहिली गाडी ७१ किलोवॅट दाखवेल आणि दुसरी ६२. चार्जर दोघींना करंट अगदी सारखाच देतोय. म्हणून तुलना करताना किलोवॅट बघू नका, अँपिअर बघा. चार्जरच्या स्क्रीनवर दोन्ही आकडे सहसा असतात, नसले तर डोंगलवर मिळतात.

आणि चार्जरच्या शेजारच्या गनला (गाडीत लावायच्या प्लगला) दुसरी गाडी लागली आहे का तेही बघा. बरेच चार्जर दोन गनमध्ये वीज वाटून देतात, आणि शेजारची गाडी निघून गेली की तुमचा आकडा अचानक उसळतो. गनची केबल तापली तरी चार्जर करंट उतरवतो.

या सगळ्यावर एक निर्णायक तपासणी आहे. सीसीएस या फास्ट चार्जिंगच्या पद्धतीत किती करंट हवा ते गाडी चार्जरला सतत सांगत असते, चार्जर स्वतःच्या मनाने करंट ढकलत नाही. बहुतेक अ‍ॅपमध्ये बीएमएसने, म्हणजे पॅक सांभाळणाऱ्या गाडीतल्या संगणकाने, परवानगी दिलेला कमाल चार्ज करंट वाचता येतो. बीएमएस म्हणतंय ३०० अँपिअर चालतील आणि प्रत्यक्षात येतायत १५०, तर दोष चार्जरचा. बीएमएसच म्हणतंय १५०, तर कारण गाडीत आहे आणि पुढे वाचण्यात अर्थ आहे.

मग तापमान

गाडीच्या स्क्रीनवरचं तापमान हवेचं असतं. त्याचा इथे काही उपयोग नाही, सेलचं तापमान पाहिजे, आणि तेही सर्वांत गार आणि सर्वांत गरम अशा दोन्ही जागांचं. गार सेलमध्ये जोरात करंट ढकलला तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतं. त्याने सेलची क्षमता कायमची जाते, आणि तो थर वाढून सेल आतून शॉर्ट व्हायचाही धोका असतो. म्हणून बीएमएस थंड पॅकला हात आखडून करंट देतं. फार तापलेल्या पॅकलाही तसंच. २०१८ च्या निसान लीफमध्ये पॅकला द्रवाचं कूलिंग नव्हतं. लांबच्या प्रवासात दुसऱ्या-तिसऱ्या फास्ट चार्जला ती इतकी रेंगाळायची की निसानला नंतर सॉफ्टवेअर बदलावं लागलं.

थंड पॅकबाबतचे हे निर्णय सहसा सर्वांत गार सेन्सरवर होतात. सरासरी २८ अंश दिसतेय पण पॅकच्या एका कोपऱ्यात १६ आहे, तर करंट १६ च्या हिशोबाने मिळणार. एका गाडीत हा फरक २-३ अंशांचा आणि दुसरीत १०-१२ चा असेल तर कूलंटचा प्रवाह तपासायला सांगा. कुठे हवा अडकलेली असते, कुठे पंप अर्ध्या ताकदीने फिरत असतो. हा बिघाड आहे, आवृत्तीचा फरक नाही, आणि तो स्वस्तात सुटतो.

तुलना करायचीच असेल तर दोन्ही गाड्या एकाच दिवशी, अर्धा-पाऊण तास चालवून, १०-१५ टक्क्यांवर आणून, एकाच गनवर पाठोपाठ लावा. दर १० टक्क्यांनी करंट आणि सेलचं किमान-कमाल तापमान टिपा. एक गाडी सकाळी पार्किंगमधून थेट आणि दुसरी हायवेवरून उतरून, अशा तुलनेवरून कुणाशी वाद घालू नका.

लेबल वाचा

चार्जर आणि तापमान बाजूला काढल्यावरही फरक उरला तर तुमचा पॅक नेमका कुठला ते शोधा. पॅकवर पार्ट नंबरचं लेबल असतं. काही गाड्यांत ते चाकाच्या कमानीतून दिसतं, काहींत गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय नाही. टायर बदलायला किंवा सर्व्हिसिंगला गाडी वर चढली की मोबाइलने फोटो काढून ठेवा. नारिंगी केबल किंवा तिच्यावरची झाकणं मात्र अजिबात उघडायची नाहीत. तिथे माणूस मरेल एवढं व्होल्टेज असतं.

पार्ट नंबरात बघायचं ते शेवटचं अक्षर किंवा शेवटचे दोन अंक. आवृत्ती सहसा तिथेच लिहिलेली असते. लेबल दिसत नसेल तर सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जा. तिथल्या कॅटलॉगमध्ये चासी नंबर टाकला की त्या गाडीला लागणारा पॅक दिसतो, आणि जुन्या नंबरऐवजी आता कुठला नंबर चालतो ती साखळीही बऱ्याचदा दिसते. साखळीत चार-पाच नंबर असतील तर कंपनीने तेवढ्या वेळा काहीतरी बदललंय हे तिच्याच कागदावर आलं. सर्व्हिस सल्लागारापेक्षा पार्ट काउंटरवरचा माणूस या बाबतीत जास्त बोलका असतो.

चासी नंबरावरूनही थोडं कळतं. टेस्लाच्या चासी नंबरात सातवं अक्षर एफ असेल तर पॅक एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) रसायनाचा. बऱ्याच कंपन्यांच्या नंबरात अकरावं अक्षर कारखाना सांगतं. पण चासी नंबर हा गाडी बनली त्या दिवशीचा असतो. मधे पॅक बदलला गेला असेल तर त्याला त्याचा पत्ता नसतो.

खरी परीक्षा: फरक सगळीकडे सारखा आहे की एकाच जागी?

या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

पॅकचं व्होल्टेज विश्रांतीत वेगळं आणि ताणाखाली वेगळं असतं. ताण दिला की ते खाली बसतं, आणि किती बसतं ते पॅकच्या अंतर्गत रोधावर ठरतं. मोजायला सोपं आहे. समजा गाडी ५० टक्क्यांवर, सेल २५-३० अंशांवर, उभी असताना पॅक ३५२ व्होल्ट दाखवतोय. मोकळ्या सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, करंट २५० अँपिअरवर गेला आणि व्होल्टेज ३२७ वर आलं. २५ व्होल्ट भागिले २५० अँपिअर म्हणजे ०.१ ओहम, अर्थात १०० मिलिओहम. आकडे बघायला शेजारी कोणाला तरी बसवा किंवा अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंग लावा, गाडी चालवताना मोबाइलकडे बघू नका. आता दुसऱ्या गाडीत त्याच टक्क्यांना, त्याच तापमानाला हा आकडा ७० आला. फरक खरा आहे हे सिद्ध झालं. कारण अजून नाही.

कारण कळतं ते एकेका सेलगटाचे आकडे उघडल्यावर. ९६ गटांचा पॅक आहे आणि २५ व्होल्टची घसरण, तर प्रत्येक गटाच्या वाट्याला साधारण ०.२६ व्होल्ट येतात. सगळेच्या सगळे गट ०.२५ ते ०.२७ ने खाली आले असतील तर पॅकमध्ये दुबळा कोणी नाही, सगळे सारखेच आहेत. असा पॅक एक तर वेगळ्या सेलचा असतो नाहीतर सारखा म्हातारा झालेला. गाडी नवी असून पहिल्या दिवसापासून हेच असेल तर वेगळ्या आवृत्तीचा, एवढाच निष्कर्ष उरतो. याउलट ९५ गट ०.१९ ने घसरले आणि एक बहाद्दर ०.६ ने, तर तो बिघाड आहे. मग पॅकच्या लेबलवर कुठलंही अक्षर असो. बीएमएस सगळे निर्णय सर्वांत दुबळ्या गटावर घेतं, त्यामुळे ९६ पैकी एक गट पूर्ण गाडीचा पिकअप आणि रेंज खाली ओढतो. ३० टक्क्यांखाली ताकद मरते त्या तक्रारीत बहुतेक वेळा हाच सापडतो, कारण चार्ज कमी झाला की रोधही वाढतो आणि दुबळा गट किमान व्होल्टेजच्या रेषेला आधी टेकतो.

विश्रांतीतला फरक वेगळा आणि ताणाखालचा वेगळा, हेही लक्षात ठेवा. गाडी तासभर उभी असताना सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या गटात १०-२० मिलिव्होल्टचा फरक किरकोळ आहे. विश्रांतीत सगळे जुळलेले आणि ताणाखाली एकच गट सुटा पडतो, तर त्या गटाचा रोध वाढलाय, सेल खराब असेल किंवा एखादा जोड सैल. विश्रांतीतच एक गट मागे आहे पण ताणाखाली इतरांइतकाच घसरतो, तर बॅलन्सिंग (सगळ्या गटांचा चार्ज एका पातळीवर आणणं) राहिलंय. गाडी पूर्ण चार्ज करून काही तास जोडलेलीच ठेवली की कित्येकदा ते जुळून येतं. सर्व्हिस सेंटरमध्ये उभ्या गाडीला लॅपटॉप जोडून 'सेल बॅलन्स ठीक' असं सांगतात तेव्हा त्यांनी फक्त विश्रांतीतला आकडा पाहिलेला असतो. जोर पडल्यावर कण्हणारा रुग्ण झोपेत तपासावा तसला प्रकार.

क्षमतेसाठीही असाच हिशोब. ८ टक्क्यांवरून ९२ पर्यंत चार्ज केली आणि बीएमएसच्या मोजणीत पॅकमध्ये ५०.४ युनिट गेले, तर ५०.४ भागिले ०.८४ म्हणजे ६० युनिटची वापरण्याजोगी क्षमता. भिंतीवरच्या चार्जरचा मीटर यासाठी वापरू नका. एसीचं डीसी करताना आणि पंप-पंखे चालवताना गेलेली वीजही त्यात मोजलेली असते. रेंजचा आकडा तर नकोच, तो तुमच्या मागच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो.

पॅक एलएफपी असेल तर

एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) पॅकमध्ये २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान सेलचं व्होल्टेज जवळपास अर्ध्या व्होल्टने बदलतं, त्यामुळे बीएमएसला व्होल्टेजवरून टक्के ओळखता येतात. एलएफपीमध्ये त्याच पट्ट्यात फरक पडतो जेमतेम काही शतांश व्होल्टचा. बीएमएस आत-बाहेर गेलेला करंट मोजत हिशोब ठेवतं, आणि हिशोबातली बारीकसारीक चूक साठत जाते. मग २२ टक्क्यांवरून एकदम १२ वर उडी, किंवा पूर्ण चार्जला रेंज कमी, अशी लक्षणं दिसतात आणि पॅक खराब झाल्यासारखा वाटतो. टेस्लाने एलएफपी गाड्यांना आठवड्यातून एकदा १०० टक्के चार्ज करायला सांगितलं ते मुख्यतः याच कारणाने. एनएमसीवाल्या मित्राचा '८० च्या वर नेऊ नको' हा सल्ला एलएफपीला जसाच्या तसा लावला की ही तक्रार हमखास उगवते.

आधी दोन-तीनदा पूर्ण चार्ज होऊ द्या, मग मोजमाप करा. थंडीत हळू चार्ज होणं हाही एलएफपीचा स्वभाव आहे. मॉडेल ३ चे एलएफपी पॅक २०२०-२१ च्या हिवाळ्यात युरोपात पोचले तेव्हा तिथल्या मालकांनी हीच ओरड केली होती.

अपडेटनंतर सुरू झालं असेल तर

वर्षभर गाडी छान, आणि एका सकाळपासून रेंज कमी. असं असेल तर पॅकवर शंका घेण्याआधी सॉफ्टवेअरची तारीख बघा. २०१९ मध्ये टेस्लाने काही मॉडेल एस गाड्यांच्या पॅकचं कमाल व्होल्टेज अपडेटमधून खाली आणलं. १०० टक्के तेच दिसत होते, पण त्यामागची वीज कमी झाली होती. मालक कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये तडजोड झाली: १,७४३ गाड्यांच्या मालकांना प्रत्येकी ६२५ डॉलर. उलटंही होतं. ऑडीने आपल्या पहिल्या ई-ट्रॉनला दिलेल्या अपडेटने ९५ युनिटच्या पॅकमधले वापरण्याजोगे युनिट ८६ केले, आणि जुन्या गाड्यांची रेंज वाढली.

हे पकडायची खूण सोपी आहे: पूर्ण चार्जला सेलचं सर्वांत वरचं व्होल्टेज. आधी ४.१८ येत होतं आणि आता ४.१० ला १०० टक्के म्हणतंय, तर छत खाली आणलंय. सेल खराब झाले म्हणून हा आकडा कमी होत नाही.

कधीकधी पॅकही ठीक असतो आणि आकडाच चुकीचा असतो. ३० युनिटच्या निसान लीफबाबत २०१८ मध्ये न्यूझीलंडमधल्या 'फ्लिप द फ्लीट' या मालकांच्या प्रकल्पाने दाखवलं की २४ युनिटच्या जुन्या लीफपेक्षा तिची क्षमता जवळपास तिप्पट वेगाने घसरताना दिसतेय. निसानने तपासलं तेव्हा बीएमएसच क्षमता कमी दाखवत होतं. सॉफ्टवेअर बदललं आणि आकडे वर आले. मालकांनी नोंदी एकत्र ठेवल्या नसत्या तर 'नॉर्मल आहे'वरच ते प्रकरण मिटलं असतं.

सर्व्हिस सेंटरला काय सांगायचं

'चार्जिंग हळू होतंय' असं सांगितलं की 'नॉर्मल' ठरलेलं. त्याऐवजी लेखी द्या: अमुक तारखेला, ५० टक्क्यांवर, सेल २७ ते २९ अंशांवर असताना बीएमएसने मागितलेला करंट १५० अँपिअर, २५० अँपिअरच्या ताणाखाली ४१ क्रमांकाचा गट बाकीच्यांपेक्षा ०.४ व्होल्ट खाली. सोबत अ‍ॅपचा स्क्रीनशॉट. जॉब कार्डवर हे जसंच्या तसं लिहून घ्या, 'ग्राहकाला बॅटरीबद्दल शंका' असं नको. मग विचारा की या पार्ट नंबरच्या पॅकसाठी ठरलेली मर्यादा किती आहे. 'मर्यादेत आहे' म्हणणाऱ्याला मर्यादेचा आकडा माहीत असायलाच हवा. डोंगलचे आकडे आम्ही मानत नाही म्हणाले तरी हरकत नाही. त्यांच्याच यंत्राने, गाडी चालवत असताना, तोच गट वाचायला सांगा.

बॅटरीच्या वॉरंटीत बहुतेक कंपन्या ८ वर्षांत क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर पॅकची जबाबदारी घेतात. या कलमाचा हळू चार्जिंगला उपयोग नाही, ते क्षमतेपुरतं आहे. पण एक गट सुटा पडणं हा भागातला दोष आहे, त्याला ७० टक्क्यांची अट लावायचं कारण नाही. तक्रारीत 'क्षमता कमी झाली' असा शब्दप्रयोग केलात तर तुम्हीच ती अट स्वतःवर ओढवून घेता.

फरक सगळ्या गटांत सारखा निघाला, पहिल्या दिवसापासूनचा असला आणि त्याच पार्ट नंबरच्या दुसऱ्या गाडीतही तसाच असला, तर सर्व्हिस सेंटरचे हेलपाटे थांबवा. मेकॅनिककडे यावर औषध नाही. त्याच व्हेरिएंटला दोन वेगवेगळे पॅक दिले आणि जाहीर केलेल्या आकड्यात तुमचा बसत नाही, असं असेल तर तो ग्राहक हक्काचा विषय आहे, आणि त्यात एकट्याच्या स्क्रीनशॉटपेक्षा एकाच पार्ट नंबरच्या बऱ्याच गाड्यांच्या नोंदी उपयोगी पडतात.

पॅक बदलून मिळाला तर बिलावर नव्या पॅकचा पार्ट नंबर आवृत्तीच्या अक्षरासकट लिहून घ्या, आणि नवा आहे की दुरुस्त केलेला तेही. शेवरलेच्या २०१७ ते २०१९ च्या बोल्ट गाड्यांना रिकॉलमध्ये ६० ऐवजी ६६ युनिटचे पॅक मिळाले आणि अमेरिकी चाचणीच्या हिशोबाने रेंज २३८ मैलांवरून २५९ वर गेली. सगळ्यांचं नशीब तसं नसतं, जुन्या आवृत्तीचा दुरुस्त केलेला पॅकही बसवला जाऊ शकतो. त्यामुळे गाडी ताब्यात घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात पूर्ण चार्जचं सेल व्होल्टेज, ताणाखालची घसरण आणि ८ ते ९२ टक्क्यांचा हिशोब मोजून ठेवा, फोटोसकट. सेकंडहँड गाडी घेतानाही हेच, फक्त पैसे देण्याआधी.